गावाने पोसलेला पहिलवान

आज माझ्या पोटाचा घेर पाहून कोणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी या देहाच्या प्रत्येक अवयवाला वेगळा मालक होता. उजवा दंड गोदाआक्काच्या म्हशीचा, डावा पाटलांच्या गाईचा, छाती वरच्या आळीची, मांड्या खालच्या आळीच्या, आणि मान कर्जतच्या बाजारातल्या हसनमियांची. हसनमियांना कुस्तीचा भारी नाद. त्यांच्या दुकानातून खारकांची पुडी येई, आणि खारकेने मान जाड होते असं त्यांचं ठाम मत होतं. "मग माझं काय उरलं गं?" असं मी एकदा आयला विचारलं. चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "नाक हाय की. ते तेवढं आपल्या घरचं. जत्रंत कापून येऊ नको म्हंजे झालं."

हे सगळं सुरू झालं पाटलांच्या रिकाम्या गोठ्यातून. आमचं गाव कर्जत आणि नेरळच्या मधलं, उल्हास नदीला लागून. गावाच्या एका अंगाने आगगाडीचे रूळ गेलेले, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणून बापू वस्ताद घाटावरून आमच्याकडे उतरले. मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं. तरुणपणी देशावर त्यांनी पुष्कळ कुस्त्या मारल्या होत्या, आणि कामावरून सुटलेला माणूस रिकामा बसला की गंजतो असं ते म्हणत. गावात आल्या आल्या त्यांनी पाटलांना गाठून गोठा मागितला. आम्ही पोरांनी जमीन खणली, नदीपलीकडची तांबडी माती आणून चाळली, ताक आणि तेल घालून पायांनी कालवली. त्या मातीचा वास मला अजून येतो. किंचित आंबूस, किंचित गोड, उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा. मी तोवर गावातलं एक लांबट, ओबडधोबड पोर होतो. चालताना उंबरा लागायचा, जेवताना तांब्या लवंडायचा. त्या मातीत उतरलो आणि माझे हातपाय पहिल्यांदा माझं ऐकू लागले. तिथून बाहेर काढलं असतं तर मी पुन्हा तांब्या लवंडणारा सख्या झालो असतो, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

आणि बाहेर काढण्याची तयारी होतीच. सुगी झाली, भात झोडून झालं, तेव्हा पाटील गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "पोरांनो, माझा पेंढा दर साली पावसात कुजतोय. वैशाखातल्या जत्रंत तुमच्यातल्या एकानं मानाचा फेटा आणला, तर हा गोठा तालमीचा. नायतर पावसाच्या आधी ही माती उपसा. मला पेंढा भरायचाय." वस्तादांनी एकेकाला नजरेने तोललं आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. ती थाप पुढे कित्येक दिवस दुखत होती.

आता पहिलवान म्हटला म्हणजे खुराक आला. वस्तादांच्या मुलखात म्हणे दूध, तूप, बदाम, भिजवलेले हरभरे, ज्वारीच्या जाड भाकरी. आमच्या मुलखात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, भात, वालाचं बिरडं, आणि डालग्यातून येणारी सुकट. आमच्या घरी तर दुभतं जनावरही नव्हतं. पण आमच्याकडे एक चाल होती. गावचा बैल शर्यतीला निघाला की सगळं गाव त्याला चारायचं. ज्याच्या घरी जे असेल ते, कोणी उडीद, कोणी गूळ, कोणी अंडी. तोच न्याय गावाने मला लावला. घरटी दुधाचा वार ठरला. ज्या घराचा वार, त्या घरची बाई सकाळी तांब्या घेऊन आमच्या ओट्याशी यायची आणि मी तळ दाखवेपर्यंत पदराने वारा घेत उभी राहायची. मग दंड चाचपायची. "हां, धरलंय. आमच्या म्हशीचं हाय ते," असं समाधानाने म्हणायची आणि शेजारणीला सांगायला जायची.

वस्ताद होते तोवर हे ठीक चाललं. ते पहाटे मला उठवायचे, जोर-बैठका काढून घ्यायचे, आणि त्यावर मी दिवसभर बाबांच्या बरोबर शेतात राबायचो. संध्याकाळी पुन्हा माती. त्या कष्टांवर एक तांब्या दूध म्हणजे तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब, कुठे गेलं कळायचं नाही. पण ऐन थंडीत रेल्वेने वस्तादांची टोळी घाटावर, लोणावळ्याच्या बाजूला नेली. निघताना ते ओट्याशी जमलेल्या बायाबापड्यांना एवढंच म्हणाले, "माझ्या मागारी पोराचा खुराक तुटू देऊ नका." झालं! आमचं गाव भोळं असेल, पण शब्दाला पक्कं. तुटू देऊ नका म्हटल्यावर त्यांनी तो असा काही जोडला की विचारू नका.

एका वाराचे दोन वार झाले. वरच्या आळीने दूध वाढवलं म्हणून खालच्या आळीने तूप आणलं. खालच्या आळीने तूप आणलं म्हणून वरच्या आळीने शिरा पाठवला. गोदाआक्का, जिच्या जिभेला सगळं गाव टरकून असे आणि जिची म्हैस गावात सगळ्यांत दुभती, ती तर आटवलेल्या दुधाचं भांडंच घेऊन यायची. "पी रं मेल्या, आजारी कुत्र्यावाणी काय हुंगतोस?" पोट भरलंय म्हणायची सोय नव्हती. एका घरचं प्यायलं आणि दुसऱ्या घरचं ठेवलं, तर दोन घरांत वैर. सुकट बंद झाली, कारण कोणीतरी म्हणालं की खारटाने रक्त पातळ होतं. मिरची बंद झाली. नाचणीची भाकरी तर गरिबाचं खाणं, ती पहिलवानाच्या ताटात कशी चालेल? माझ्या ताटात सगळं पांढरं आणि गोड. घरात आय बाबांसाठी लसूण ठेचून बोंबील भाजायला लागली की मी ओट्यावर बसून तो वास नुसता नाकाने जेवायचो.

त्यातच पाटलांनी बाबांना बोलावून सांगितलं, "पोराला कामाला जुंपू नको. शर्यतीचा बैल कुणी नांगराला लावतो का रं?" बाबा बिचारे शेताच्या बांधबंदिस्तीला एकटे जाऊ लागले. जाताना मी अंथरुणात, येताना मी ओट्यावर. ते फक्त कुदळ जरा जोराने टेकवत. आणि एवढं पोटात गेल्यावर जोर कोण काढतो? पहाटे उठायचो, गोठ्यात जायचो, चार बैठका झाल्या की दूध घशाशी यायचं. मग मी भिंतीला टेकून बसायचो आणि बाकीच्या पोरांना डाव शिकवायचो. शिकवायला श्वास कमी लागतो, हे मी त्या दिवसांत शिकलो. पुढे आयुष्यभर त्याचा उपयोग झाला.

गावाला मात्र माझं भारी कौतुक. गाल वर आले, मान दिसेनाशी झाली, चाललो की ओटा हलायचा. "काय बनलाय पोरगा!" लोक लांबून बघायला येत. मलाही आरशाची हौस नव्हती असं नाही. फक्त आय एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "सख्या, तू जेवताना पयलं घाई करायचास रं. आता बघावं तवा उसासे टाकतोस."

शिमग्याला वस्ताद परतले. मी मोठ्या ऐटीत लंगोट घेऊन गोठ्यात गेलो. आणि लंगोट पुरेना! मागून पोरं ओढतात, मी पोट आत घेतो, गाठ काही बसत नाही. वस्ताद मातीच्या कडेला उभे राहून तो सोहळा पाहत होते. शेवटी एक जुनं धोतर फाडून काम भागवलं. त्यांनी बैठका काढायला सांगितल्या. थोड्याच वेळात मी माती धरून बसलो आणि छातीचा भाता सगळ्या गोठ्याला ऐकू जायला लागला. मला वाटलं, आता मिशा थरथरतील, शिव्या येतील. वस्ताद शेजारी उकिडवे बसले आणि खळखळून हसले.

"लेका, मी पहिलवान ठेवून गेलो होतो. ह्यो गणपती कुठनं आणून बसवला?"

मी रडवेला होऊन म्हणालो, "वस्ताद, तुमीच म्हनला खुराक तुटू देऊ नका."

"आरं, खुराक म्हंजे निस्तं पोटात घालायचं नव्हं. आधी घाम, मग घास. घामानं जागा केल्याबिगर घास राहणार कुठं? तुज्या ह्या सगळ्या गावानं घास दिला, घाम द्यायला एक बी माणूस आला न्हाई."

पण हे गावाला सांगायचं कसं? दूध बंद म्हटलं असतं तर तांब्या घेऊन येणारी प्रत्येक बाई उलटली असती. वस्तादांनी दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर सगळ्यांना नमस्कार केला आणि जाहीर केलं की खुराक चालूच राहील, पण आता पहिलवान सकाळचा घरी सापडणार नाही. तो नेरळला जाईल, माथेरानला चढणाऱ्या साहेबांच्या पेट्या डोक्यावर घेईल आणि वर नेऊन टाकेल. ज्यांना दूध द्यायचंय त्यांनी संध्याकाळी तो परतल्यावर द्यावं. आता त्या डोंगरावर लहानशी आगगाडी झुकझुकत चढते आणि लोक खिडकीतून माकडांना केळी दाखवतात. तेव्हा मडमा डोलीतून, साहेब घोड्यावरून आणि त्यांचं सामान माणसांच्या डोक्यावरून जायचं. हंगाम सुरू होता. ओझ्यांना तोटा नव्हता.

गोदाआक्काला ही व्यवस्था मुळीच पटली नाही. "संध्याकाळपर्यंत माझं दूध काय त्याची वाट बघत बसंल व्हय? घाटावरच्या मानसाला म्हशीची कदर नाय!" वस्ताद मिशीत हसून म्हणाले, "मग डोंगरावर आणून द्या की, आक्का." तो विनोद होता. आक्काला विनोद कळत नसे.

पहिले काही दिवस मी त्या चढावर अक्षरशः मेलो. डोक्यावर पेटी, पायाखाली निसरडे गोटे, अंगातून तूप गळतंय असं वाटावं इतका घाम. प्रत्येक वळणावर झाड धरून उभा राहायचो आणि साहेबाचा घोडा माझ्याकडे दयेने बघायचा. बाकीचे ओझीवाले वर पोचून भाकरी सोडून बसलेले असत तेव्हा मी रखडत यायचो. माझ्या फडक्यात आता आयने बांधलेली नाचणीची भाकरी, कांदा आणि लसणीची चटणी असे, वस्तादांच्या हुकमाने. सुरुवातीला तीही जाईना. मग एक दिवस, चढाच्या मध्यावरच, पोटात काहीतरी हललं. मला क्षणभर ओळख पटेना. कितीतरी दिवसांनी जुना मित्र रस्त्यात भेटावा तशी ती भूक होती.

त्याच सुमारास, एका दुपारी वर पेटी टाकून मी जांभळीच्या सावलीत बसलो होतो, तर खालच्या वळणावरून ओळखीच्या शिव्या ऐकू आल्या. आधी शिव्या वर आल्या, मग पळसाच्या पानाने झाकलेला तांब्या, आणि मग लाल-लाल झालेली गोदाआक्का. काष्टा खोचलेला, पदराने घाम पुसतेय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या घोडेवाल्यांना विचारतेय, "आमचा सख्या कुठं मेलाय?" मी धावत जाऊन तांब्या घेतला. उन्हाने आणि हेलकाव्यांनी दूध पार नासून गेलं होतं. पाणी वेगळं, गाठी वेगळ्या. आक्का मटकन बसली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते चढाचं नव्हतं.

माझ्या पोटात आग पडलेली. भाकरी कुस्करून त्या तांब्यातल्या गाठींत घातली, कांदा फोडला, चटणी घेतली आणि जो हात मारला तो तांब्याच्या बुडापर्यंत. आक्का टक लावून बघत होती. मी बोटं चाटली, मग तांब्याचा काठ.

"आरं मेल्या," ती हळूच म्हणाली, "चांगलं दूध दिलं तवा इख घेतल्यावानी घ्यायचास. आन आज नासकं चाटतोस?"

"भूक लागलीय गं आक्का."

तिने रिकामा तांब्या पदराने पुसला. मग उठून म्हणाली, "चल, उतरताना माझा हात धर. गुडघं गेलं माझं." त्या संध्याकाळी तिने तांब्या घेऊन निघालेल्या बायांना वाटेतच अडवलं. "कुणी बळंच दूध पाजलं तर माझ्याशी गाठ हाय. तो दमून येईल तवा द्या, तो मागंल तेवढंच द्या." जे सांगायचं धाडस वस्तादांनाही झालं नव्हतं ते आक्काने एका फेरीत करून टाकलं. मी दिवसा चढायचो, संध्याकाळी माती, मग दूध, मग आयच्या हातचं तिखटजाळ पिठलं. लंगोटाची गाठ पुन्हा बसू लागली. बाबांच्या कुदळीचा आवाजही मऊ झाला, कारण अंगात दम आला तसा मी डोंगरावरून लवकर परतून पुन्हा बांधावर दिसू लागलो.

जत्रेचा दिवस उजाडला. सकाळी पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, आणि ऊन कललं तेव्हा मानाच्या फेट्याची. समोर खालापूरच्या बाजूचा भिवा उभा राहिला. खोपोलीच्या एका सावकाराने त्याला घरी ठेवून पोसला होता. सावकार बैलगाडीत गादी टाकून बसले होते. भिवाला पाहून आमच्या गावाच्या बाजूने एक लांबलचक 'आई गं' निघाली. माणूस नव्हे, कणगी! पाटील माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सख्या, पेंढा पडवीला आणून ठेवलाय बरं का." पाटलांचा धीर देण्याचा प्रकार असाच होता.

ढोल सुरू झाला. भिवाने पहिल्याच झटक्याला मला असा दाबला की तोंडात माती गेली. मी निसटलो. त्याने पुन्हा मानेवर हात टाकला आणि हसनमियांची मान कडकडली. पाठ लागता लागता दोनदा वाचली. लोक ओरडत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त वस्तादांचा आवाज तेवढा येत होता, "अजून न्हाई. अजून न्हाई." आणि मग भिवाने मला कवेत आवळलेलं असताना त्याचा श्वास माझ्या तोंडावर आला. वेलदोड्याचा वास! शिऱ्याचा. साजूक तुपातला, सकाळीच खाऊ घातलेला. मला त्याच्या पोटातला तो शिरा डोळ्यांनी दिसला. तो कुठे बसलाय, किती जड झालाय, घशाशी कधी येणार, सगळं मला पाठ होतं. मी अंग ढिलं सोडलं, त्याला ढकलू दिलं, फिरवू दिलं. आखाड्याला फेऱ्या घालायला लावल्या. हळूहळू भाता सुरू झाला, तोच, जो मी गोठ्यात स्वतःच्या छातीतून ऐकला होता. त्याचे ओठ पांढरे पडले. वस्ताद ओरडले, "आता!" मी खाली बसून त्याचा पाय ओढला आणि कणगी कलंडली. पाठ मातीला लागली तेव्हा भिवाने डोळे मिटले, आणि मला वाटतं, त्याला हरल्याचं दुःख कमी आणि आडवं व्हायला मिळाल्याचं सुख जास्त झालं असावं.

फेटा बांधला, गुलाल उडाला, मला कोणी कोणी खांद्यावर घेतलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की वरून पाहिलं तर सावकारांची बैलगाडी वाटेला लागली होती आणि भिवा आखाड्याच्या कडेला एकटाच बसला होता. गाडीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. वस्तादांनी मला खाली उतरवलं आणि हनुवटीने त्याच्याकडे खूण केली. मी जाऊन हात धरला. "चल रं, घरी जेवायला."

दिवेलागणीला आमच्या पडवीत पानं मांडली. वस्ताद, पाटील, बाबा, मी आणि भिवा. आयने नाचणीच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं आणि लसूण घालून परतलेली सुकट वाढली. भिवाने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आय घाबरली. "तिखट झालं का रं बाळा?"

"नाय काकी," तो नाक पुसत म्हणाला, "लई दिसांनी मिळालं. वाढा आणखी."

पाटलांचं लक्ष मात्र जेवणात नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "शब्द दिला तो खरा. पण वस्ताद, बाकीची समदी पोरं ह्याच्या कमरंएवढी. पुढल्या साली ह्यानं कुणाशी झोंबी घ्यायची? भिंतीशी? एका पहिलवानासाठी माझा पेंढा कुजवायचा व्हय?" बाबांनी मान खाली घातली. आयच्या हातातली पळी थांबली. फेटा डोक्यावर असून गोठा चालला होता, आणि पाटलांचं म्हणणं खोडून काढावं असंही त्यात काही नव्हतं.

"मी हाय की," भिवा म्हणाला. तोंडात घास होता, त्यामुळे ते दोनदा म्हणावं लागलं.

पाटील त्याच्याकडे वळले. "तू? तुला तर आत्ताच ह्यानं उताणा पाडला!"

"म्हणूनच ऱ्हातो. ह्याला पाडल्याबिगर मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ?" मग वस्तादांकडे पाहून, जरा चाचरत, "पण वस्ताद, खायला हेच मिळंल ना?"

वस्ताद मिशा झाडत हसले. "हेच मिळंल. पर आधी डोस्क्यावर पेटी मिळंल."

पाटलांनी एकदा भिवाच्या खांद्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भाकरीचा तुकडा मोडला. "म्हंजे यंदा बी पेंढा अंगणातच रचायचा," ते पुटपुटले, आणि सुकटीचं भांडं भिवापासून स्वतःकडे ओढून घेतलं.